आईचा डावा हात
आंघोळीच्या साबणाचा वास आला की मला बोरिवलीतल्या त्या हॉस्पिटलचं बेसिन आठवतं. आईच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या आणि डायलिसिससाठी डाव्या मनगटातल्या रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन त्या सकाळी होतं. नर्स म्हणाली, या हातात यापुढे बांगडी, घड्याळ काही नको. आईने मूठच आवळली. "सवाष्णीचा हात रिकामा? मला नाही करायचं ऑपरेशन, चल घरी." घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच, म्हणून समजवायचं काम माझ्यावर आलं, पण वाचलेलं सगळं तिच्यासमोर नीट सांगताच येईना. शेवटी बाबा उठले. "अगो, मी जिवंत उभा आहे ना समोर? मग कसला अपशकुन?" असं म्हणत त्यांनी तिचा हात साबणाने माखला आणि एकेक हिरवी बांगडी, न फोडता, उतरवून तिच्या उजव्या हातात चढवली. "आता भांडताना एकच हात वाजेल," ते म्हणाले. आई हसली, मग रडली. हल्ली रोज सकाळी मी त्या उघड्या मनगटावर बोटं ठेवते. आत रक्ताची थरथर जाणवली, की जोड चालू आहे असं समजायचं. ती जाणवल्याचं मी सांगेपर्यंत कामावर निघालेले बाबा चपला घालून दारातच थांबलेले असतात.