वाक्य तोडणारा माणूस

लोहाऱ्याच्या कारखान्यात आम्हा लाइनमनचे रबरी हातमोजे तपासणारा माणूस भारी बोलका आहे. हातमोज्यात पाणी भरून तो पाण्याच्या टाकीत सोडतो, विजेचा दाब वाढवत नेतो आणि तोंडाने तुरी-सोयाबीनचं चालूच ठेवतो. दाब पुरा चढला की मात्र वाक्य तिथेच तोडतो. हातमोजा टिकला, तर तुटल्या शब्दापासून पुढे बोलू लागतो.

परवा माझे हातमोजे होते. “काल आमच्या बुढीनं वावरात...” म्हणून तो थांबला. टाकीत टच्चकन आवाज झाला. तो पुढे बोललाच नाही. बाहेर काढून त्याने हातमोजा दाबला, तशी अंगठ्यातून पाण्याची केसाएवढी धार माझ्या हातावर पडली. त्याने कात्री उचलली.

“कापता कायले, भाऊ? चांगला होता, तुमच्या मशीननंच भोक पाडलं!”

“मंग ते खांबावर पडू देऊ का?” म्हणत त्याने रबरी अंगठा छाटला.

आदल्याच दिवशी मारेगावला मी तोच हातमोजा घालून चालू लाइनवर होतो.

त्याने दुसरा हातमोजा टाकीत सोडला. “काल आमच्या बुढीनं वावरात...” दाब चढला, तो थांबला. मी मीटरकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.