एकाच क्षणी, दोन घरांत

दोन ठिकाणी एकच गोष्ट लावली तर त्यांत निमिषाचंही अंतर पडता कामा नये, एवढं बघायलाच देवाने आमच्या हिच्या मामांना रत्नागिरीत जन्माला घातलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. एका गणपतीत त्यांनी माजघरात आणि ओटीवर एकाच आरतीच्या दोन कॅसेटी एकदम लावल्या. ओटीवरचा टेप जरा सुस्त. तिसऱ्या कडव्यापर्यंत भक्तांचे दोन तट पडले. माजघर कापूर लावून मोकळं झालं तरी ओटी टाळ्याच वाजवत होती. "दोष भक्तीत नाही हो, टेपच्या बेल्टात आहे," असं मामा प्रसाद वाटताना प्रत्येकाला समजावत होते.

पुढे सीडी प्लेअर आले. पण बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत प्रत्येक कंपनीचा प्लेअर वेगळा वेळ घेतो, हे कळल्यावर मामा खवळले. सगळ्यांनी सारखाच वेळ घ्यावा आणि पुढे गेलेल्याने मागच्यासाठी थांबावं म्हणून त्यांनी सात कलमांची एक नियमावली सुवाच्य अक्षरात लिहून दोन कंपन्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. एकीकडून उत्तरादाखल नव्या मिक्सरचं माहितीपत्रक आलं. मामांनी तेही शेवटपर्यंत वाचलं.

त्याच वर्षी माझे सासरे गेले. सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण आक्का, चिपळूणच्या घरात अगदी गप्प झाल्या. रत्नागिरीला यायला तयार नाहीत. फोनवर "हो", "नाही", की संपलं. लहानपणी ही दोघं एका घोंगडीवर बसून गावातली नाटकं बघत. मामा चिपळूणला गेले, आक्कांच्या टीव्हीला प्लेअर जोडला, एका फार्सची सीडी ठेवली, भिंतीवर ती सात कलमं चिकटवली आणि परत आले. रविवारी दुपारी फोन कानाला, रिमोट हातात, अशा थाटात ते बसले. मी शेजारीच होतो.

"आक्के, तीन म्हटलं की दाब गो. एक, दोन..."

"दाबलं!" पलीकडून आवाज आला.

"अगो, तीन कुठे म्हटलं मी?"

"मग म्हण की लवकर!"

असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा नाटक सुरू झालं, तरी आक्का थोड्या पुढेच होत्या. चौथ्या कलमाप्रमाणे पुढच्याने थांबायचं. मामा ते सांगणार, एवढ्यात फोनमधून मलासुद्धा ऐकू येईल असं खळखळून हसू आलं. आमच्या पडद्यावर नटाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"मामा, त्यांना थांबायला सांगा ना," मी म्हणालो.

मामांनी फोनवर हात दाबून धरला. "गप बसा हो, जावईबापू. हसतेय ती."

मग तो विनोद आमच्याकडे पोचला. मी हसलो. मामा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

पुढच्या रविवारी फोन आक्कांनीच केला, असं हिने मला सांगितलं. "जेवलास का रे? आज काय लावायचं?" मामांनी हातातली सीडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू म्हणशील ते."