मुखरूची मिशी

आरमोरीजवळच्या एका गावात मुखरू ढिवर तळ्यात जाळं टाकायचा. अंगानं आडदांड, मिशा गालांवर पसरलेल्या. पण जीव अडकला होता तो नाटकातल्या राणीत. धान निघालं की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या वेळी गावचं नाटक व्हायचं आणि बायकांची कामंही पुरुषच करायचे. छप्पन साली नाटक मंडळाच्या देवाजीभाऊंनी नवीन माणसं पारखायचं ठरवलं. मुखरूनं मनाशी गाठ मारली.

वाचता येत नव्हतं, म्हणून दसरू शिंप्याच्या तोंडून ऐकून त्यानं राणीची भाषणं पाठ केली. डोंग्यात उभा राहून तो गळा काढायचा, "नाथ, मला सोडून जाऊ नका!" काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून बेजार व्हायच्या.

बायको गोकुळा मात्र हसली नाही. तिनं आपलं लाल लुगडं त्याला नेसवलं, डोक्यावर पाण्यानं भरलेली गुंडी ठेवली आणि अंगणात चालायला लावलं.

"चिखल तुडवून राह्यले काय? हळू! आन रडताना बोंबलू नका. बाईचा आवाज आतच अडकते."

राहिली मिशी. बाप असताना मिशी काढत नाहीत. मुखरू बापाभोवती नुसता घुटमळत राहिला. शेवटी म्हातारा लटारूच म्हणाला, "काढ ना थे मिशी."

"लोक म्हनतीन, लटारू गेला."

"मंग मी येतो तुह्यासंग. दिसन ना मी त्याइले!"

पारखणीला म्हातारा देवळापुढे सगळ्यांत पुढे बसला आणि मुद्दाम मोठ्यानं खोकत राहिला. बिनमिशीचा मुखरू चालत आला तशी पोरं खिदळली. तो बोलू लागला, आवाज गळ्यात अडकला, आणि खिदळणं थांबलं.

देवाजीभाऊंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "राणी दरसालसारखी घनश्यामच करन. तू राजाहून हातभर उंच दिसतं, मुखरू. पन राजाची माय होशीन का? लेक लढाईले जाते तो अख्खा प्रवेश तुहा."

मुखरूनं क्षणभर खाली पाहिलं, मग जोरजोरात मान डोलावली.

दारातच गोकुळानं विचारलं, "भेटली का राणी?"

"नाई. तिची सासू झालो."

ती हसता हसता खालीच बसली. मग उठून पेटी उघडत म्हणाली, "थांबा, सासूले लाल लुगडं शोभत नाई. दुसरं पाह्यतो."