निऱ्या पुढे

हॉस्टेलच्या लाँड्रीत ओल्या लोकरीचा वास आला आणि सातवीत असताना अमेरिकेतल्या कॅरी गावात झालेली परेड आठवली. आमच्या स्काउट ट्रूपच्या युनिफॉर्ममध्ये चौकड्यांचा लोकरी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा होता. आईने तो साडीसारखा, निऱ्या पुढे घेऊन नेसवला. मैदानात पाहतो तर सगळ्यांच्या निऱ्या मागे.

“उलटा घातलायस यार,” माझा मित्र रोहन हसला.

आईचा चेहरा उतरला. “गाडीत चल, फिरवून देते.”

“राहू दे, आई. असाच चालतो.” आणि मी शेवटपर्यंत तसाच चाललो.

तेव्हा वाटलं, मी आईची लाज राखली. आता वाटतं, कधी न पाहिलेला कपडा तिने न घाबरता नेसवला होता. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. कदाचित चुकेन, पण उद्या वर्गात पहिल्यांदाच उत्तर द्यायला हात वर करणार आहे.