घरचीच गाडी

गॅरेजवाल्या मिस्त्रींचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकाने आल्या आल्या "इंजेक्टर बदला" म्हटलं, की ते खेकसत, "आधी साफ करू! साफ करूनही गळला, तरच बदलायचा."

त्या दिवशी त्यांची बायको बंद पडलेली गाडी ढकलत गॅरेजात आली, रागाने लालबुंद. "भर चौकात पुन्हा बंद पडली!"

"परवाच तर इंजेक्टर साफ केले मी!" मिस्त्रींनी पाना आपटला आणि तणतणत चारही इंजेक्टर काढून तपासणीच्या मशीनवर चढवले. तीन इंजेक्टरांतून इंधनाचा बारीक फवारा उडाला. चौथा थेंब थेंब गळत राहिला.

"परवा साफ केल्यावरही असाच गळत होता?" बायकोने विचारलं.

"थोडासा. म्हटलं, घरचीच गाडी आहे, चालेल."

"असं? मग आजपासून मला गिऱ्हाईक समजा," ती कडाडली, "आणि बदला तो!"