स्कूटरवरची फ्लोराबाईंची पदवी

हसायचं असेल तर हसा, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. असला घोटाळा फक्त विज्ञानाच्या मास्तरालाच जमतो.

मी श्रीरामपुरात शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा नवी स्कूटर घेतली. नंबर यायला आठ दिवस लागणार होते, तोवर मागची पाटी कोरी. आमच्याकडे लोक पाटीवर 'दादा' लिहितात, 'राजे' लिहितात. म्हटलं, आपण गतीचा नियम लिहू. F = ma. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. पोरं येता-जाता वाचतील तरी.

पेंटरनं सगळी अक्षरं मोठ्या लिपीत काढली. "सर, बारीक अक्षर लांबून दिसत न्हाई." पाटीवर झालं F = MA. मी म्हटलं, चालतंय.

आता काय सांगू, आमच्या शाळेत मराठी शिकवायला फ्लोराबाई आहेत. आणि त्या नेमक्या त्याच आठवड्यात एम. ए. झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आमचे शिपाई दत्तूमामा गाडीपाशी उभे. "सर, लई भारी केलं. बाईंचं असं कौतुक आमाला न्हाई सुचलं."

"कुठल्या बाई?"

"ह्ये काय लिवलंय. यफ बरोबर यमे. फ्लोराबाई यमे."

मी त्यांना अख्खा नियम उदाहरणासह समजावला. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "व्हय, व्हय. मी कुनाला बोलनार न्हाई."

मधल्या सुट्टीत ते सगळ्या शाळेला कळलं. संध्याकाळी माझ्या घरी.

बायको दारातच उभी. "लग्नानंतर मी बी. कॉम. झाले, तेव्हा गाडीवर काय लिहिलंत?"

"अगं, तो गतीचा नियम आहे."

"तुमची गती दिसतेच आहे. पुसा आधी ते."

थिनर चोळलं, पॉलिश पेपर घासला, रंग हलेना. शेवटी घरात लाल रंगाची जुनी डबी सापडली. तळाला उरलेल्या रंगात एकच तिरकी रेघ मारता आली. मी ती बरोबर मधोमध मारली. म्हटलं, खोडलं म्हणजे मिटलं.

सकाळी गाडी लावतोय, तर मागे फ्लोराबाई आणि गणिताचे सर. सर पाटीकडे बघून म्हणाले, "बरोबरच्या चिन्हावर तिरकी रेघ? म्हणजे 'बरोबर नाही'."

बाईंनी चष्मा सारखा केला, पाटी पुन्हा वाचली आणि शांतपणे विचारलं, "सर, काल मी एम. ए. होते. एका रात्रीत माझा कुठला विषय राहिला?"

तेव्हा माफी मागून मोकळं व्हायचं की नाही? पण मी पडलो मास्तर. मी म्हणालो, "बाई, मनावर घेऊ नका. हा निसर्गाचा नियम आहे."