दर्यात न सोडलेली मासोळी

रूपालीचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या एसटीत होते. शेवंतीताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, भेटायलाच निघाले होते. "मावशी, आई गेली गं," एवढंच ताईची ही लेक म्हणाली. खिडकीबाहेर नारळीच्या वाड्या मागे पळत होत्या. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं, बरं झालं, सुटली... आणि मग उतरेपर्यंत त्या वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

ताईने जन्मभर मुरुडच्या बाजारात मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा घरी बसली. त्याच सुमारास रूपालीला बाळ झालं, खारघरच्या फ्लॅटमध्ये जागा पुरेना, म्हणून तिने आपली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आईकडे आणून ठेवली. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश, बोटाएवढे. ताईने त्यांच्याकडे गिऱ्हाइकासारखं पाहिलं. "एवढ्याशा जिवाला वीज पायजे, पंप पायजे... आनि कालवन तर वाटीभर बी व्हायचं न्हाय!" पण महिनाभरात ती कोळंबी सोलून, बारीक चिरून त्यांना भरवायला लागली. समोर बसून स्वतः मात्र सुके बोंबील खायची. त्यात तिला काही वावगं वाटायचं नाही.

मोठं वादळ आलं तेव्हा मी तिच्याकडेच होते. पत्रे उडाले, वीज गेली ती गेलीच. पंप बंद पडला तर मगाने पाणी उचलून वरून सोडत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते, असं रूपालीने सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघी म्हाताऱ्या आळीपाळीने तेच करत बसलो. बाहेर लोक छपरं शोधत होते. माझे खांदे भरून आले. "जाऊ दे गं ताई, मासेच तर आहेत," मी म्हटलं. तिने माझ्या हातातला मग काढून घेतला. "तू जरा पड," एवढंच म्हणाली.

त्यातली मोठी मासोळी, मादी, पुढे मेलीच. उरलेला नर कोपऱ्यात दडून बसला. या माशांत मादी मेली की नराचीच हळूहळू मादी होते, असं रूपालीने फोनवर सांगितलं. ताई खूप दिवसांनी मोठ्याने हसली. "माझं उलटं झालं बग. दादला गेला नि मीच दादला झाले!" तेव्हापासून आम्ही त्या माशाला 'ती' म्हणू लागलो.

मग ताईच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी अलिबागच्या खेपा सुरू झाल्या. जाताना धक्के, येताना उलट्या. एक दिवस गाडी दारात उभी राहिली आणि ताई उठलीच नाही. "आता न्हाय जायाचं. दमले गं मी." रूपाली रडली, मी भांडले. ती ऐकून घेत राहिली. गाडी रिकामी परत गेली. दुपारी तिने मला जवळ बोलावलं, टाकीकडे बोट दाखवलं. "माझ्या मागारी कोनी म्हनंल, हिला दर्यात सोडा. सोडू नको. ही दुकानात वाढलेली, हिला दर्या कुठं ठावं हाय?"

तसंच झालं. दहाव्याला आमचे चुलते म्हणाले, "सोडा तिला पान्यात. शेवंतीचा जीव मोकला व्हईल." कुणीतरी कळशीही आणली. मी टाकीसमोर उभी राहिले. "ती मरेल, काका. ताईने नको म्हणून सांगितलंय." काका न जेवता निघून गेले. अजून बोलत नाहीत.

टेम्पोतून टाकी चौलला माझ्या घरी आली. पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं. काच पुसायची, कोळंबी चिरायची. मलाही आता दम लागतो. ताईचं करून झालं, आता हिचं. कधी कधी कंटाळा येतो आणि तो मी कुणाला सांगत नाही.

टाकीत हात घालण्याआधी ताई साबण न लावता हात धुवायची आणि मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर सारायची. माझं मनगट मोकळंच असतं. तरी रोज सकाळी दुसरा हात तिथे जातो, आणि काहीतरी वर सारतो.